पार्सल इंदूरलाच आहे, फक्त आमच्याकडे नाही

अन्नपूर्णा_रोड | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वैतागून धागा काढतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पुण्याच्या मावशीने बारा दिवसांपूर्वी एक खोकं कुरिअर केलं. आत आजीचं पितळी पुरणयंत्र (माळ्यावरून काढून, चिंच लावून घासलेलं), किलोभर गोडा मसाला आणि गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया. माझ्या स्टीलच्या यंत्राचा दांडा मागच्या होळीला हातात आला, तेव्हाच हे ठरलं होतं. होळी मंगळवारी आहे. पुरण मिक्सरमधून फिरवणाऱ्यांनी हा धागा ओलांडून पुढे जावे.

आता खोक्याचा प्रवास ऐका. सोमवारी पुण्यात उचललं. मंगळवारी भिवंडी. गुरुवारी इंदूर! मी लगेच हरभऱ्याची डाळ आणून ठेवली. शुक्रवारी 'इंदूरहून रवाना'. मला वाटलं, आमच्या घरी यायला रवाना. शनिवारी सकाळी बघते तर भोपाळ. तिथे त्याने चार दिवस मुक्काम ठोकला, मोठा तलाव बघितला असेल. बुधवारी परत इंदूर. परवा सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी'. मी दिवसभर ओट्यावर. आंघोळसुद्धा एक कान फाटकाकडे ठेवून केली. संध्याकाळी ७:१० ला मेसेज: 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक घरी नाही.' अहो, मी त्या वेळी फाटकातच उभी राहून शेजारच्या काकूंना सांगत होते की अजून आलं नाही!

हेल्पलाइनवर एक बाई गोड आवाजात म्हणते, 'आपका पार्सल रास्ते में है.' बाई, कुठल्या रस्त्यात ते सांग, मी जाऊन उभी राहते.

तर प्रश्न: तुम्ही सगळ्यात जास्त दिवस कशाची वाट पाहिलीत? आणि देवास नाक्याच्या गोदामात जाऊन आपलं खोकं आपणच उचलून आणता येतं का?

पोहेजलेबी | शनिवार, रात्री ९:५२

ताई, तुमचं सुदामा नगर ते देवास नाका म्हणजे दहा-बारा किलोमीटर. सकाळी पायी निघालात तरी वाटेत राजवाड्याला पोहे खाऊन जेवायच्या वेळेला पोचाल. खोकं मात्र पोहे न खाता थकलंय.

शंकासुर | शनिवार, रात्री १०:०५

यंत्राची जाळी कोणती आहे? बारीक की मोठी?

अन्नपूर्णा_रोड | शनिवार, रात्री १०:०८

@शंकासुर, आजीची बारीकच होती. असेल आत. आधी खोकं येऊ दे हो.

लष्करवाली | शनिवार, रात्री १०:३०

ग्वाल्हेरहून हजेरी.

माझ्या मोठ्या दिराच्या लग्नात मुंडावळ्या पुण्याहून मागवल्या होत्या. खऱ्या मोत्यांसारख्या दिसणाऱ्या, लांब, मधोमध पान असलेल्या. लग्नाच्या तीन आठवडे आधी ऑर्डर दिली. लग्न झालं, मांडवपरतणी झाली, नवीन जोडपं कुलदैवताला जाऊन आलं, आणि मग एका दुपारी मुंडावळ्या आल्या. नवरदेवाने त्या हातात घेतल्या आणि गपचूप परत डबीत ठेवल्या. लग्नात इथल्या महाराज बाड्यावरच्या फुलवाल्याने ओवून दिलेल्या मोगऱ्याच्या बांधल्या होत्या, त्याच फोटोत आहेत आणि खरं सांगायचं तर त्याच छान दिसतात.

सासूबाई म्हणाल्या, ठेवून दे, धाकट्याला होतील. धाकटा आता चौतीस वर्षांचा आहे आणि म्हणतो, मला रजिस्टर पद्धतीने करायचंय. मुंडावळ्या अजून डबीत आहेत.

भोचक_भाऊ | शनिवार, रात्री १०:४१

धाकट्याचंही 'इन ट्रान्झिट' चालू आहे म्हणायचं.

लष्करवाली | शनिवार, रात्री १०:४३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). त्याला वाचायला देते.

रावपुरा_रिटर्न | शनिवार, रात्री ११:२०

आमची बडोद्याची गोष्ट उलटी. मला नाशिकहून काकांनी पुस्तकं पाठवली आणि फोनवर ट्रॅकिंग नंबर सांगितला. काकांचं सहा आणि माझं नऊ यात गडबड झाली. मी पाच दिवस भक्तिभावाने दुसऱ्याच कोणाचं तरी पार्सल बघत होतो. ते नाशिकहून निघालं, नागपूर, मग कोलकाता, मग गुवाहाटी. मला वाटलं, रस्ता जरा लांबचा घेतायत. सहाव्या दिवशी 'डिलिव्हर्ड, सही केली' असं आलं आणि त्याच वेळी माझी पुस्तकं दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पत्त्यावर चार दिवसांपासून पडून असल्याचा फोन आला.

पण खरं सांगू? ते गुवाहाटीचं वेळेवर पोचलं म्हणून बरं वाटलं. माणूस गुंततो.

टपालकाका | रविवार, सकाळी ६:१५

@रावपुरा_रिटर्न, स्पीड पोस्ट केलं असतं तर ही चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. त्याच्या नंबरात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. त्या नऊ आकड्यांतला शेवटचा हा तपासणीचा आकडा, आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला. एक आकडा चुकला की हिशोब जुळत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगतोय, जाहिरात म्हणून नव्हे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, मला आता कोणी कमिशन देत नाही.

मी रेल्वे मेलमध्ये होतो. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून सॉर्टिंग. समोर कबुतरखान्यासारखे खण, डाव्या हातावर पत्रांची चवड, आणि गाडीने रूळ बदलले की आपण एकीकडे व पत्र दुसऱ्याच खणात. तेव्हा पत्र भरकटायचं त्याचं कारण साधं होतं: रतलामला धक्का बसला.

आणि एक गंमत. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी, आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या सगळ्यांचा ४. पुणे ४११, इंदूर ४५२. म्हणजे वेलणकरांनी आपल्याला आणि पुण्याला एकाच घरात बसवलं होतं. एका घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला बारा दिवस लागतात हे त्यांना कळलं असतं तर एखादं विलापकाव्य झालं असतं.

कोथरूडकर_नाही | रविवार, सकाळी ९:०२

एका घरात? आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

टपालकाका | रविवार, सकाळी ९:१०

पिन विचारून देत नाहीत, भाऊ.

पोहेजलेबी | रविवार, सकाळी ९:३०

इंदूरचे पत्ते हाही एक विषय आहे. स्कीम नंबर ५४, स्कीम नंबर ७४, स्कीम नंबर ७८, वर छप्पन दुकान. बाहेरून आलेल्या डिलिव्हरीवाल्याला वाटतं आपण मटक्याचे आकडे घेतोय. परवाच एकाला सांगितलं, ५४ मध्ये ये. तो ७४ मध्ये जाऊन म्हणतो, 'भिया, बीस का ही तो फरक है.'

आता म्हणे डिजिपिन आलाय. टपाल खात्याने २०२५ साली काढला, दहा अक्षर-आकड्यांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेचा एक. म्हणजे माझ्या दिवाणखान्याचा वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा. मी मोठ्या उत्साहाने डिलिव्हरीवाल्याला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, 'वो सब ठीक है, पानी की टंकी से कितना आगे?'

देवासनाका | रविवार, दुपारी १:४५

अडीच वर्षं एका मोठ्या कुरिअर कंपनीच्या गोदामात रात्रपाळी केली आहे, कंपनीचं नाव विचारू नका. ताई, तुमचं खोकं भोपाळला का गेलं ते जवळजवळ छातीठोकपणे सांगू शकतो.

लोकांना वाटतं पार्सल प्रवास करतं. प्रवास पोतं करतं. एका गावची पार्सलं एका पोत्यात, तोंडाला सील, सीलवर एक बारकोड. गाडीत चढवताना फक्त पोत्याचा बारकोड वाचतात आणि आतल्या पन्नास-साठ पार्सलांपुढे आपोआप 'रवाना' असं लागतं. तुमचं खोकं रात्री तीन वाजता कोणा झोपाळू हाताने भोपाळच्या पोत्यात टाकलं की संपलं. सील भोपाळलाच फुटणार. तिथे कळतं की हे आपलं नाही. मग ते जातं कोपऱ्यात. प्रत्येक गोदामात असा एक कोपरा असतो. आम्ही त्याला अनाथाश्रम म्हणायचो. परत पाठवायला एका खोक्यासाठी कोणी पोतं भरत नाही, चार-दहा जमली की जातात. तुमचे चार दिवस त्या कोपऱ्यात गेले, तलावाकाठी नव्हे.

दुसरं, 'ग्राहक घरी नाही'. पोरगा सकाळी ऐंशी-नव्वद डाग घेऊन निघतो. संध्याकाळी पंधरा उरतात. उरलेल्या प्रत्येकापुढे अ‍ॅपमध्ये कारण निवडावं लागतं, त्याशिवाय हजेरी बंद होत नाही. यादीत 'घरी नाही' आहे, 'पत्ता सापडला नाही' आहे, 'ग्राहकाने नकार दिला' आहे. 'वेळ पुरला नाही' हे त्या यादीत नाही. मग तो सगळ्यात निरुपद्रवी खोटं निवडतो. तुम्ही घरी नव्हता असं त्याला वाटत नाही, ताई. त्याला घरी जायचं असतं.

तिसरं, आणि हे महत्त्वाचं: मावशींनी खोक्याला सुतळी बांधली आहे का?

अन्नपूर्णा_रोड | रविवार, दुपारी २:०३

तुम्हाला कसं कळलं?? उभी-आडवी, वर गाठ, आणि गाठीवर लाख लावायची राहिली एवढंच. शिवाय बाहेरून जुन्या नऊवारीचं कापड शिवलंय. ती कायम असंच पाठवते.

देवासनाका | रविवार, दुपारी २:२०

बस. सुतळी पट्ट्यात अडकते, म्हणून असं खोकं यंत्रावर जात नाही, माणसाच्या हातून वेगळं काढावं लागतं. कापडावर लेबल नीट चिकटत नाही. मग मावशी लोक लेबलावरून चकचकीत चिकटपट्टी ओढतात, ती उजेडात चमकते आणि स्कॅनरला बारकोड वाचता येत नाही. सगळ्यात प्रेमाने बांधलेली खोकी सगळ्यात उशिरा पोचायची. आम्ही ती ओळखायचो. त्यांना वास यायचा, मेतकुटाचा, लाडवांचा. रात्री दोन वाजता भुकेल्या पोटी तो वास फार वाईट.

भोचक_भाऊ | रविवार, दुपारी २:२५

खाल्लंत का कधी? खरं सांगा.

देवासनाका | रविवार, दुपारी २:२६

नाही. फुटलेल्या पिशवीतले सांडलेले शेंगदाणे, एकदा. ते धरू नका.

हडसनकाठी | रविवार, संध्याकाळी ५:५०

आमच्याकडे न्यू जर्सीत पार्सल दुसऱ्या दिवशी दारात टाकून जातात, फोटो काढून. मग तिसऱ्या दिवशी चोर घेऊन जातो, तोही वेळेवर.

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ६:१५

मूळ मुद्दा वेगळाच आहे. त्रास उशिराचा नाही, ट्रॅकिंगचा आहे. पूर्वी आजोळहून डबा निघाला की पोस्टकार्ड यायचं, 'डबा पाठवला आहे'. बऱ्याचदा कार्डाच्या आधी डबाच यायचा. मधले दिवस कोणी मोजत नव्हतं. आता ताई दिवसातून चाळीस वेळा फोन उघडतात आणि प्रत्येक वेळी नव्याने निराश होतात. ट्रॅकिंग बंद करा, निम्मा त्रास जाईल.

लष्करवाली | रविवार, संध्याकाळी ६:४०

@शंकासुर, असहमत. न मोजणारे कोण होते? पुरुष. माझी आई पोस्टमनच्या सायकलची घंटा तीन गल्ल्या आधी ओळखायची. मोजत सगळेच होते, फक्त पडदा नव्हता बघायला. निदान आता भोपाळला आहे हे तरी कळतं. पूर्वी हरवलं की हरवलं, वर पाठवणाऱ्याने पाठवलंच नाही असं समजून नात्यात दहा वर्षं अबोला. आमच्या घराण्यात एक अबोला असाच, एका न पोचलेल्या खणावरून.

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ६:४८

खणाचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

भोचक_भाऊ | रविवार, रात्री ८:३०

हिशोब मांडतो. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघालेले, आपल्या माळव्यात भेलशापाशी, म्हणजे आजचं विदिशा. दहा-अकरा दिवसांत त्यांच्या हाती चिठ्ठी पडली. 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही.' ना रेल्वे, ना हमरस्ता, थंडीचे दिवस, वाटेत सगळा धुमाकूळ. दहा दिवस!

ताईंचं पुरणयंत्र पुणे ते इंदूर, आज तेरावा दिवस.

टपालकाका | रविवार, रात्री ८:४४

दुरुस्ती. ती चिठ्ठी पेशव्यांना लिहिलेली नव्हती. सावकाराची होती, सावकारांच्या कासीदाने आणलेली. सरकारी बातमी मागे राहिली होती.

पोहेजलेबी | रविवार, रात्री ८:४६

म्हणजे खासगी कुरिअर!! काय दिवस होते.

कोथरूडकर_नाही | रविवार, रात्री ९:००

पानिपतचा विषय निघालाच आहे तर इंदूरकरांना एक विचारायचं होतं, तुमचे होळकर त्या दुपारी

पोहेजलेबी | रविवार, रात्री ९:०१

आला. आला हा. मी वाटच बघत होतो.

टपालकाका | रविवार, रात्री ९:०७

मल्हाररावांचं राहू द्या, टपालावर या. होळकर संस्थानाने १८८६ साली स्वतःचं टपाल तिकीट काढलं, दुसऱ्या तुकोजीरावांच्या चित्राचं, अर्ध्या आण्याचं. माझ्या संग्रहात एक आहे, कोपरा दुमडलेलं. ग्वाल्हेरचा मात्र वेगळा प्रकार, इंग्रजांच्याच तिकिटावर 'ग्वालियर' असा छाप मारायचा. (लष्करवाली ताई, राग मानू नका.)

लष्करवाली | रविवार, रात्री ९:१५

राग कसला. शिंद्यांनी तयार तिकिटं वापरून छपाई वाचवली, होळकरांनी खर्च केला. पिढ्यान्‌पिढ्या हेच.

संपादक मंडळ | रविवार, रात्री ९:२०

मंडळी, धागा पुरणयंत्राचा आहे. मल्हारराव, शिंदे-होळकर आणि पुणे-इंदूर यांवर आधीच एकवीस धागे आहेत, पैकी सहा कुलूपबंद.

अन्नपूर्णा_रोड | सोमवार, दुपारी ३:३०

आजचा वृत्तांत. मुलाला घेऊन देवास नाक्याला जाऊन आले. गेटवर सिक्युरिटीवाला, खुर्चीला एक हात नसलेला (खुर्चीला, त्याला नव्हे). म्हणाला, इथून ग्राहकाला माल देत नाहीत. मी नंबर दाखवला. त्याने आत कोणाला तरी हाक मारली. आतून एक मुलगी बाहेर आली, बघितलं, म्हणाली, 'आंटी, ये तो सुबह निकल गया आपके यहाँ के लिए.'

मी घरापासून दहा-बारा किलोमीटरवर, आणि खोकं घरी. रिक्षात बसून मुलाच्या बाबांना फोन केला, दार सोडू नका. आम्ही सव्वा तासाने पोचलो. हे दार धरून उभे. खोकं नाही. आणि मेसेज? 'पत्ता सापडला नाही.'

@देवासनाका, यादीतलं दुसरं कारण.

देवासनाका | सोमवार, दुपारी ३:४१

तीन प्रयत्नांनंतर परत पाठवणाऱ्याकडे जातं, लक्ष ठेवा. आजच तक्रार टाकून 'पुन्हा प्रयत्न करा' असं लिहून घ्या आणि जवळची मोठी खूण द्या.

अन्नपूर्णा_रोड | सोमवार, दुपारी ३:४४

दिली. पाण्याची टाकी.

हडसनकाठी | सोमवार, रात्री ८:१०

रात्रीची बस का नाही वापरत लोक? आम्ही इंदूरला होतो तेव्हा पुण्याहून सगळं ट्रॅव्हल्सच्या गाडीने यायचं. संध्याकाळी क्लीनरच्या हातात, सकाळी आपल्या हातात.

कोथरूडकर_नाही | सोमवार, रात्री ८:३५

किंवा सरळ माणसाच्या हाती. माझी आत्या इंदूरला, राम बागेत. लहानपणी आमच्या घरात कोणीही स्टेशनावर निघाला की आजी दारातून ओरडायची, 'कोणी इंदूरला जातंय का?' अनोळखी माणसाच्या पायाशी आजीने आंब्यांची करंडी ठेवलेली मी पाहिली आहे. तो बिचारा रात्रभर करंडीला पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसला आणि सकाळी आत्याच्या घरी चहा पिऊन गेला. परतीला कोणाबरोबर तरी लसणाची शेव यायची. तिची पिशवी पुण्यापर्यंत अर्धी व्हायची हे मान्य, पण तो मेहनताना होता.

रावपुरा_रिटर्न | सोमवार, रात्री ८:५०

आता अनोळखी माणसाकडे डबा दिला तर आधी पोलीस येतील.

अन्नपूर्णा_रोड | मंगळवार, रात्री १०:१५

होळी झाली. पुरण शेजारच्या काकूंच्या यंत्रावर काढलं. त्या सिंधी आहेत, त्यांच्याकडे पुरणयंत्र कसं, असं विचाराल तर ते माझंच. दांडा तुटला म्हणून मी मागच्या वर्षी भंगारात टाकायला काढलं, त्यांनी मागून घेतलं आणि सियागंजातून दांडा बसवून आणला. चाळीस रुपयांत. वर्षभर मला बोलल्या नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून.

पोळ्या चांगल्या झाल्या. मावशीचा सकाळपासून चार वेळा फोन: 'पोचलं का?' चौथ्यांदा मी हो म्हणून टाकलं. त्या पोरासारखंच, निरुपद्रवी खोटं.

भोचक_भाऊ | मंगळवार, रात्री १०:२०

आता मावशी फोटो मागणार.

अन्नपूर्णा_रोड | मंगळवार, रात्री १०:२२

मागितला. पोळ्यांचा पाठवला.

अन्नपूर्णा_रोड | रविवार, संध्याकाळी ६:३०

आलं!!!

विसाव्या दिवशी. आणि कधी? रंगपंचमीला! सगळं इंदूर राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला, टँकर चालू, गुलालाने आभाळ गुलाबी, आणि अशात अडीच वाजता फाटकाशी 'मॅडम, ओटीपी'. पोरगा नखशिखान्त हिरवा. दात तेवढे पांढरे. मल्हारगंजात एक डिलिव्हरी होती म्हणे, टोरी कॉर्नरपाशी सापडला. पार्सलांची बॅग पोटाशी धरून, वर स्वतः ओणवा होऊन निघाला तिथून. आमच्या खोक्यावर कापडाच्या एका बाजूला गुलाबी पंजा उमटलाय, पूर्ण पाच बोटांचा. बाकी कोरडं.

मी भांडायचं ठरवून बसले होते. वीस दिवसांची वाक्यं तयार होती. ती कुठे गेली कोण जाणे. त्याला पाणी दिलं, मंगळवारची नव्हे, आज केलेली गरम पोळी दिली. हात रंगाचे म्हणून ह्यांनी तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. खाताना म्हणतो, 'आंटी, आप लोग सोमवार को घर पर नहीं थे क्या?'

मी काही बोलले नाही.

देवासनाका | रविवार, संध्याकाळी ६:४५

आत काय परिस्थिती?

अन्नपूर्णा_रोड | रविवार, संध्याकाळी ७:२०

सुतळीची गाठ कोणाला सुटली नाही, विळीवर कापली. मसाल्याची पिशवी फुटलीय, सगळ्यावर गोड्या मसाल्याचा थर. घर असं दरवळतंय की शेजारच्या काकू विचारायला आल्या. यंत्र सुखरूप, पितळ लखलख. आणि कुरडयांचं म्हणाल तर दोन शाबूत, सत्तावीस मोडल्या, चुरा किती झाला याची गणती नाही.

टपालकाका | रविवार, संध्याकाळी ७:२६

वाहवा. चुऱ्याची भाजी करा, कांदा घालून. कुरडयांचा शेवट तोच चांगला.

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ७:३०

आणि जाळी? मी पहिल्या दिवसापासून विचारतोय.

अन्नपूर्णा_रोड | रविवार, संध्याकाळी ७:३१

थांबा.

अन्नपूर्णा_रोड | रविवार, संध्याकाळी ७:५८

कागद झटकले, मसाला चाळून घेतला, नऊवारीची घडी उलगडली. नाही. मावशीला फोन केला. ती म्हणते, 'अगं बाई! चिंच लावून घासली, धुतली आणि गॅलरीत वाळत घातली होती, ती तिथेच आहे की. थांब, उद्याच पाठवते, सुतळी आहे घरात.'

कोणी पुण्याहून इंदूरला येतंय का?

कोथरूडकर_नाही | रविवार, रात्री ८:१२

आत्याकडे यायचंच होतं. शुक्रवारच्या गाडीने निघतो. मावशींचा पत्ता माझ्या विपुत (विचारपुशीत) टाका. आणि लसणाची शेव लागेल, अख्खी पिशवी.